विश्लेषण : रांगेत उभा राहिलेला द्रविड आपल्याला इतका का आवडतो?

नोव्हेंबर २०१७ मध्ये एक फोटो सोशल मीडियावर धुमाकूळ घालत होता. मुलांचं विज्ञान प्रदर्शन, आत जाण्यासाठी लागलेली रांग आणि त्या रांगेत आपल्या दोन मुलांना घेऊन इतर पालकांसारखाच उभा असलेला राहुल द्रविड. ना बाउन्सर, ना ‘साहेबांना आधी सोडा’ म्हणणारं कुणी. ‘पाय जमिनीवर असलेला माणूस’ असं म्हणत लाखो लोकांनी तो फोटो पुढे पाठवला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच द्रविडचा एक व्हिडिओ फिरला. बेंगळुरूच्या रस्त्यावर त्याची गाडी आणि एक मालवाहू ऑटो यांची किरकोळ धडक झाली होती. द्रविड खाली उतरून ऑटोचालकाशी हुज्जत घालताना दिसत होता. प्रकरण तेवढ्यावरच मिटलं. पण इंटरनेटवर मात्र ‘द्रविडलाही राग येतो?’ असं आश्चर्य आणि मीम्सचा पूर आला.

रांगेत उभं राहणं आणि रस्त्यावर गाडी घासल्यावर चिडणं, दोन्ही गोष्टी आपण सगळेच करतो. त्या द्रविडने केल्या म्हणून बातमी झाली. खरं सांगायचं तर या दोन्ही प्रसंगांतून तो माणूस कसा आहे, हे फारसं कळत नाही. ते ज्यातून कळतं अशा दोन घटना आहेत आणि त्या दोन्ही पैशांच्या वाटपाच्या आहेत. त्या समजून घेतल्या तर एखाद्या प्रसिद्ध माणसाचं कौतुक नेमकं कशासाठी करावं, याचं उत्तर सापडू शकतं.

२०१८ : ५० लाख कुणाला आणि २० लाख कुणाला?

३ फेब्रुवारी २०१८ रोजी पृथ्वी शॉच्या नेतृत्वाखाली भारताच्या १९ वर्षांखालील संघाने न्यूझीलंडमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषक जिंकला. द्रविड या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. बीसीसीआयने लगेच बक्षिसं जाहीर केली. द्रविडला ५० लाख, प्रत्येक खेळाडूला ३० लाख आणि सपोर्ट स्टाफमधल्या प्रत्येकाला २० लाख रुपये.

सपोर्ट स्टाफ म्हणजे गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक, फिजिओ, ट्रेनर, मसाज करणारे, व्हिडिओचं विश्लेषण करणारे. टीव्हीवर ही माणसं क्वचितच दिसतात. पण दौऱ्यावर सगळ्यात आधी उठणारी आणि सगळ्यात शेवटी झोपणारी माणसं बहुतेक वेळा हीच असतात.

द्रविड या वाटपावर नाराज झाला. भारतात परतल्यावर पत्रकारांशी बोलतानाही सगळं लक्ष आपल्यावरच असतं याने आपल्याला अवघडल्यासारखं होतं, खरं श्रेय सपोर्ट स्टाफचं आहे, असं त्याने सांगितलं. आपल्याला एक रक्कम आणि सहकाऱ्यांना दुसरी, हे त्याला पटलं नव्हतं. अखेर बोर्डाने निर्णय बदलला आणि प्रशिक्षक वर्गातल्या सगळ्यांना समान, प्रत्येकी २५ लाख रुपये देण्यात आले. म्हणजे द्रविडची रक्कम निम्म्यावर आली आणि बाकीच्यांची वाढली. आदल्या वर्षभरात संघासोबत काम केलेल्या, पण प्रत्यक्ष विश्वचषकाला नसलेल्या लोकांनाही वाटा मिळाल्याचं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. द्रविड ‘मला पैसे नकोत’ असं म्हणाला नाही. त्याने आपली रक्कम गाजावाजा करून दानही केली नाही. त्याचा आक्षेप वाटपाच्या पद्धतीला होता. काम सगळ्यांनी मिळून केलं असेल, तर बक्षीसही सारखंच हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

२०२४ : पुन्हा तोच प्रश्न, रक्कम मात्र कोटींत

२९ जून २०२४. बार्बाडोसमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. मुख्य प्रशिक्षक म्हणून द्रविडचा हा शेवटचा सामना होता. बीसीसीआयने संघासाठी १२५ कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. माध्यमांमधल्या वृत्तांनुसार यातले ५ कोटी द्रविडच्या वाट्याला येणार होते. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या तिन्ही विभागांच्या प्रशिक्षकांना मात्र प्रत्येकी अडीच कोटी मिळणार होते. द्रविडने आपल्यालाही अडीचच कोटी द्या, असं बोर्डाला कळवल्याचं वृत्त आलं.

हे तीन सहकारी कोण होते? फलंदाजीचे प्रशिक्षक विक्रम राठोड, गोलंदाजीचे पारस म्हांब्रे आणि क्षेत्ररक्षणाचे टी. दिलीप. यातली पहिली दोन नावं नीट लक्षात ठेवा. कारण आता आपल्याला २८ वर्षं मागे, थेट लॉर्ड्सवर जायचं आहे.

लॉर्ड्स, १९९६ : नाणेफेकीआधीची ती दहा मिनिटं

१९९६ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. जूनच्या सुरुवातीला एजबॅस्टनला झालेल्या पहिल्या कसोटीत भारताकडून चार जणांनी पदार्पण केलं. त्यात सलामीवीर विक्रम राठोड आणि मुंबईचा वेगवान गोलंदाज पारस म्हांब्रे हे दोघं होते. द्रविड तेव्हा संघाबाहेर बसला होता.

दुसरी कसोटी २० जूनपासून लॉर्ड्सवर होती. संजय मांजरेकरचा घोटा दुखावला होता. सामन्याच्या सकाळी त्याची तंदुरुस्ती चाचणी झाली. मांजरेकर पास झाला तर तो खेळणार, नापास झाला तर द्रविड, असं आधीच ठरलं होतं. चाचणीत मांजरेकर नापास झाला. नाणेफेकीला जेमतेम दहा मिनिटं उरली असताना तेव्हाचा प्रशिक्षक संदीप पाटीलने द्रविडला सांगितलं, ‘तू खेळतोयस.’

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. द्रविडने ९५ धावा केल्या. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या सौरव गांगुलीने १३१ धावा काढल्या. तिथून द्रविड १६४ कसोटी सामने खेळला आणि त्याने १३,२८८ धावा केल्या.

लॉर्ड्सच्या त्या अकरा जणांत राठोड आणि म्हांब्रे हे दोघंही होते. म्हांब्रेची ती दुसरी आणि शेवटची कसोटी ठरली. राठोडची कारकीर्द सहा कसोटींवर थांबली. म्हणजे ज्या सामन्यात द्रविडचा कसोटी प्रवास सुरू झाला, त्याच सामन्यात म्हांब्रेचा संपला.

आता पुन्हा २०२४ च्या त्या यादीकडे बघा. एकेकाळी एकाच ड्रेसिंग रूममध्ये, एकाच सामन्यात खेळलेले तिघे २८ वर्षांनी एकत्र बसून विश्वचषकाची आखणी करत होते. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला आलेलं नशीब अगदी वेगळं होतं. एकाच्या खात्यात १६४ कसोटी, दुसऱ्याच्या ६, तिसऱ्याच्या २. पण प्रशिक्षक म्हणून त्या महिन्यात तिघंही एकाच कामात गुंतले होते. म्हांब्रे तर २०१८ च्या १९ वर्षांखालील संघाचाही गोलंदाजी प्रशिक्षक होता, म्हणजे आधीच्या वाटपातही ‘२० लाखां’च्या रांगेत तोच होता.

द्रविडच्या मनात तेव्हा लॉर्ड्सची आठवण होती का, हे त्याने कुठे सांगितलेलं नाही आणि आपण त्याच्या तोंडी ते घालूही नये. पण एवढं नक्की म्हणता येतं की, खेळाडू म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीच्या जोरावर प्रशिक्षक म्हणूनही दुप्पट वाटा घ्यायचा, हे त्याने दोन वेळा नाकारलं.

मग द्रविडचं यश म्हणजे निव्वळ नशीब का?

अजिबात नाही. मांजरेकर तंदुरुस्त ठरला असता तरी द्रविड आज ना उद्या खेळलाच असता, असं म्हणायला भरपूर जागा आहे. पाच वर्षं कर्नाटककडून रणजी सामन्यांत धावांचा रतीब घालून तो तिथवर पोहोचला होता. आणि संधी मिळाल्यावर लॉर्ड्सवर ९५ धावा करणं हे कुणाच्या घोट्यावर अवलंबून नव्हतं.

पण मेहनत सगळ्यांनाच तिथवर नेते का? या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर मुंबईतच आहे. त्याचं नाव अमोल मुजुमदार.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा मुलगा पॅड बांधून बसून राहिला, त्याचा नंबर आलाच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. पुढे १९९४ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. द्रविड आणि गांगुलीसोबत तो भारत ‘अ’ संघातही खेळला. कारकिर्दीत त्याने ११ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा काढल्या, ३० शतकं ठोकली, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. पण भारताकडून एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच्या उमेदीच्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. जागाच नव्हती.

मुजुमदारने द्रविडपेक्षा कमी घाम गाळला, असं कोण म्हणेल? दरवाजा कधी उघडतो आणि त्या वेळी त्याच्यासमोर कोण उभं असतं, हे दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

मुजुमदारच्या गोष्टीला पुढे एक वळण मिळालं. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. कर्णधार हरमनप्रीत कौर त्याच्या पाया पडली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पण हा विश्वचषक नसता मिळाला, तरी त्याच्या ११ हजार धावांची किंमत कमी झाली नसती. मोठ्या दिवसाविना घरी जाणारी माणसं जास्त असतात आणि त्यांच्यावर मीमही होत नाही, रीलही नाही.

यशस्वी माणसं नशीब का विसरतात?

याचा अभ्यास झालेला आहे. शाय डेव्हिडाय आणि टॉम गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा सायकल चालवणाऱ्या कुणालाही पटेल. वारा समोरून येत असेल तर तो क्षणोक्षणी जाणवतो, कारण त्याच्याशी झगडावं लागतं. वारा पाठीमागून असेल तर सुरुवातीला बरं वाटतं आणि थोड्या वेळाने आपण तो विसरूनच जातो. वाटतं, आज पाय छान चालतायत.

आयुष्यातही तसंच होतं. अडथळे लक्षात राहतात, कारण ते पार करावे लागतात. मदत लक्षात राहत नाही, कारण तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. याच अभ्यासात भावंडांबद्दलचा एक भाग आहे. आई-वडील आपल्या भावंडापेक्षा आपल्याशीच जास्त कडक वागले, असं थोरल्यालाही वाटतं आणि धाकट्यालाही. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हा प्रयोग करून बघता येईल.

गिलोविच यांचे मित्र आणि कॉर्नेल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी त्याच वर्षी यश आणि नशीब या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. २००७ मध्ये गिलोविच यांच्याशीच टेनिस खेळत असताना फ्रँक कोर्टवर कोसळले, त्यांचं हृदय बंद पडलं. रुग्णवाहिका एरवी काही मैलांवरून यायची. पण त्या दिवशी जवळच झालेल्या अपघातासाठी ती आधीच तिथे आली होती, म्हणून ती वेळेवर पोहोचली आणि फ्रँक वाचले.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. स्पर्धेत मोजकेच लोक असतील तर गुणवत्ता आणि मेहनत यांवर निकाल लागू शकतो. पण जिथे लाखो लोक एकाच जागेसाठी झगडतात, तिथे वरच्या फळीतले जवळपास सगळेच गुणी आणि मेहनती असतात. मग शेवटच्या पायरीवर नशिबाचा लहानसा वाटाही निर्णायक ठरतो. भारतीय संघातल्या अकरा जागांसाठी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांसमोर आणली, की हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कृतज्ञता दिसते कशातून?

‘मी खूप नशीबवान आहे’ हे वाक्य प्रत्येक पुरस्कार सोहळ्यात ऐकू येतं. ते म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे त्यावरून फारसं काही कळतही नाही. कळतं ते दोन गोष्टींमधून.

पहिली गोष्ट म्हणजे नावं घेणं. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरच्या हातात एक यादी होती. कुणाचं नाव राहून जाऊ नये, म्हणून ती लिहून आणली होती. त्यात आई-वडील, भाऊ अजित आणि आचरेकर सर होतेच. पण शाळा घरापासून लांब पडते म्हणून ज्यांच्या घरी तो चार वर्षं राहिला, ते काका-काकूही होते. डॉक्टर आणि फिजिओ होते. ‘सर्वांचे आभार’ म्हणण्यात आणि एकेक नाव घेण्यात हाच फरक असतो. नाव घेतलं की मान्य करावं लागतं की, अमुक माणसाने अमुक गोष्ट केली नसती, तर मी इथे नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वाटा सोडणं, मग तो पैशांचा असो, श्रेयाचा असो किंवा मानाचा. द्रविडच्या बाबतीत याची उदाहरणं फक्त बक्षिसांपुरती नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये बेंगलोर विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट देऊ केली. त्याने ती विनम्रपणे नाकारली आणि खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून ती पदवी मिळवायला आवडेल, असं कळवलं. त्याची आई वास्तुकलेची प्राध्यापक होती. पदवी कमवायला काय लागतं, हे त्याने घरात पाहिलं होतं.

आणि २०२४ च्या अंतिम सामन्याआधीचा प्रसंग तर थेट आपल्याशी, म्हणजे सोशल मीडियावरच्या चाहत्यांशीच संबंधित आहे. ‘डू इट फॉर द्रविड’ असा हॅशटॅग जोरात होता. खेळाडू म्हणून विश्वचषक न मिळालेल्या, २००७ मध्ये कर्णधार असताना वेस्ट इंडिजमधूनच पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या द्रविडसाठी हा चषक जिंका, अशी त्यामागची भावना होती. मुलाखतीत त्याला याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने ही कल्पनाच नको म्हणून सांगितलं. कुणा एकासाठी जिंकायचं हे आपल्या मूल्यांत बसत नाही, चांगलं खेळायचं आणि चषक समोर आहे म्हणून जिंकायचा, असं त्याचं म्हणणं होतं. एव्हरेस्ट का चढायचा, तर तो आहे म्हणून, हा किस्साही त्याने ऐकवला.

लाखो लोक प्रेमाने मखर घेऊन उभे असताना त्यात बसायला नकार देणं हे रांगेत उभं राहण्यापेक्षा कठीण आहे.

पण ही सगळी प्रतिमा जपण्याची कला नाही ना?

हा प्रश्न विचारायलाच हवा. साधेपणा ही आज बाजारात चांगली किंमत मिळणारी गोष्ट आहे. सेलिब्रिटींचे टपरीवर चहा पितानाचे, रिक्षातून फिरतानाचे, लोकलमध्ये उभे असलेले व्हिडिओ आपोआप आपल्यापर्यंत येत नाहीत. त्यातले अनेक प्रसिद्धी सांभाळणाऱ्या टीमने ठरवून काढलेले असतात. द्रविडचीही प्रतिमा विकली गेली आहे. एप्रिल २०२१ मध्ये आलेली ‘इंदिरानगरचा गुंडा’ ही जाहिरात आठवा. ट्रॅफिकमध्ये भडकलेला द्रविड लोकांना इतका आवडला, कारण तो एरवी शांत असतो हे सगळ्यांना माहीत होतं. शांतपणाची प्रतिमा नसती, तर ती जाहिरातच उभी राहिली नसती. त्या जाहिरातीचे त्याने पैसे घेतले आणि त्यात गैर काही नाही.

शिवाय द्रविड चुकतच नाही असंही नाही. जानेवारी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात झिम्बाब्वेविरुद्धच्या सामन्यात चघळायची गोळी चेंडूला लागल्याबद्दल त्याला सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड झाला होता. त्याच वर्षी मुलतान कसोटीत हंगामी कर्णधार असताना सचिन १९४ धावांवर नाबाद असताना त्याने डाव घोषित केला. त्यावरचा वाद आजही क्रिकेटप्रेमींच्या ग्रुपवर अधूनमधून पेटतो.

आणखी एक आक्षेप येऊ शकतो. अडीच कोटी सोडणं त्याला परवडलं, कारण त्याच्याकडे आधीच भरपूर आहे. हे खरं आहे. पण भरपूर असलेले सगळेच तसं करतात असंही नाही, आणि इथे फरक रकमेचा नाही, पद्धतीचा आहे. कॅमेऱ्यासमोर चेक देणाऱ्याचं नाव मोठं होतं, घेणाऱ्याचं होत नाही. वाटप सारखं करा म्हटल्यावर मात्र सहकाऱ्यांचा हक्क मान्य होतो, त्यांच्यावर उपकार होत नाहीत.

आपल्या कौतुकात काय चुकतं?

मीडियाच्या अभ्यासकांनी १९५६ मध्येच एका नात्याचं वर्णन करून ठेवलं आहे. पडद्यावर रोज दिसणाऱ्या माणसाला आपण ओळखतो, असं आपल्याला वाटू लागतं. त्याला मात्र आपण कोण हे माहीतही नसतं. हे नातं एकतर्फी असतं, पण त्यातली भावना खरी असते. तेव्हा टीव्ही नवा होता. आता तोच माणूस दिवसातून दहा वेळा आपल्या हातातल्या फोनवर येतो.

त्यातून दोन गोष्टी होतात. एक, आपण छोट्याशा कृतीवरून पूर्ण माणूस ठरवून टाकतो. रांगेत दिसला की देव, ऑटोवाल्याशी वाद घातला की ‘मुखवटा गळून पडला’. खरं तर भर रहदारीत कुणाचाही आवाज चढू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रांगेतल्या द्रविडचं आपल्याला अप्रूप वाटतं, कारण मोठा माणूस रांग मोडणार हे आपण गृहीत धरलेलं असतं. मंदिरात व्हीआयपी दर्शन, दवाखान्यात ओळखीवर आधी नंबर, टोलनाक्यावर ‘ओळखलं नाही का?’ हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की नियम पाळणं हाच पराक्रम वाटतो. त्या फोटोतल्या रांगेत आणखी कितीतरी आई-बाप उभे होते. तेही तितकाच वेळ थांबले. त्यांच्यातल्या कुणाचा फोटो आपल्यापर्यंत आला नाही.

मग कौतुक करायचं की नाही?

जरूर करायचं. चांगल्या वागण्याचं कौतुक झालं नाही तर लहान मुलांनी शिकायचं कुणाकडून? फक्त ते करताना काही प्रश्न विचारायला हरकत नाही.

या माणसाने सोडलं काय? नुसतं बोलला की पैसा, श्रेय किंवा मान यातलं काही कमी करून घेतलं? त्याचा फायदा कुणाला झाला, त्याच्या प्रतिमेला की सोबतच्या माणसांना? एकदाच घडलं की पुन्हा तशीच वेळ आल्यावरही तो तसाच वागला? २०१८ आणि २०२४ मध्ये सहा वर्षांचं अंतर आहे आणि रक्कम लाखांतून कोटींत गेलेली आहे. द्रविड दोन्ही वेळा एकसारखा वागला. रांगेतल्या फोटोपेक्षा ही नोंद जास्त भरवशाची आहे.

आणि शेवटचा प्रश्न आपल्यासाठी. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात लॉर्ड्ससारखी एखादी सकाळ असते. कुणीतरी आजारी पडलं म्हणून मिळालेला इंटरव्ह्यू, वडिलांनी कर्ज काढून भरलेली क्लासची फी, लहान बहिणीने शिक्षण सोडल्यामुळे पूर्ण झालेली आपली पदवी, नेमक्या वेळी शब्द टाकणारे एखादे सर. दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या सत्कारांत आपण ‘जिद्द आणि चिकाटी’वर बोलतो. या माणसांची नावं घ्यायला मात्र वेळ पुरत नाही.

ऑफिसात टीमचा बोनस वाटताना, प्रोजेक्ट संपल्यावर बॉसला मेल लिहिताना, सोसायटीच्या गणेशोत्सवाचा अहवाल वाचताना मंचावर कुणाला बोलवायचं हे ठरवताना, द्रविडसमोर आला तोच प्रश्न छोट्या स्वरूपात आपल्यासमोरही येतो. मांडव घालणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, रात्री दोन वाजता भांडी घासणाऱ्या माणसाचं नाव त्या अहवालात आहे का?

द्रविडचा रांगेतला फोटो पुन्हा कधी तुमच्या ग्रुपवर आला, तर जरूर लाइक करा. आणि जमलं तर त्याखाली पारस म्हांब्रे आणि विक्रम राठोड यांचीही नावं लिहा.